बेसचं पत्र आलं, आता काय काय करायचं

घोडबंदर रोडच्या आमच्या ओळखीतल्या तीन घरांत गेल्या दोन वर्षांत वैमानिक नवऱ्याच्या नव्या परदेशी बेसचं, म्हणजे त्याची ड्यूटी जिथून सुरू होते त्या विमानतळाचं, पत्र आलं. तिघींनीही फोन करून मला एकच विचारलं, "तू काय काय केलं होतंस?" फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून आता लिहूनच ठेवते. माझा नवरा मालवाहू विमानं चालवतो. आम्ही दोनदा परदेशी बेसवर बिऱ्हाड नेलं आणि त्यातलं एक मुदतीआधीच परत आणावं लागलं. ही यादी त्या अनुभवातून झाली आहे, त्यामुळे तिची सुरुवात बॅग भरण्यापासून होत नाही.

पत्र आल्या दिवशी आधी एवढंच शोधा, की तुमच्या माणसाला तिथं राहायला बोलावलं आहे, की तिथून फक्त ड्यूटी सुरू होणार आहे? दोन्हींना बोलताना "बेस"च म्हणतात, पण संसाराच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पहिल्या प्रकारात घर, शाळा, व्हिसा सगळं तिकडं हलतं. दुसऱ्यात माणूस ठाण्यातच राहतो. कंपनी त्याला मुंबईहून प्रवासी म्हणून बेसला नेते, तो पंधरा-वीस दिवस उडतो आणि सुट्टीला घरी येतो. अशा करारात "गेटवे" विमानतळ लिहिलेला असतो, आणि तिथवर पोहोचणं ही तुमची जबाबदारी असते. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे दर खेपेला बघा. कापूरबावडीला ट्रेलरच्या रांगेत अडकल्यावर ते कळून उपयोग नाही. शिवाय बेसपर्यंतचा हा प्रवास ड्यूटीत मोजतात की सुट्टीतून कापतात, हे लेखी विचारा. महिन्याचे तीन-चार दिवस यावरच ठरतात.

आता मुख्य मुद्दा. मालवाहू कंपन्या परदेशी बेस का काढतात हे घरातल्या सगळ्यांना समजलं पाहिजे. पार्सलं रात्री एका हबला येतात, तिथं त्यांची वर्गवारी होते आणि पहाटे विमानं पुन्हा सुटतात. वैमानिक हबजवळच राहत असेल तर त्याला दुसऱ्या खंडातून आणण्याचं तिकीट, हॉटेल आणि विश्रांतीचे वाया जाणारे दिवस वाचतात. म्हणजे माल जिथून वाहतो तिथं बेस असतो, आणि मालाची वाट बदलली की बेसही हलतो. फेडेक्स या अमेरिकी मालवाहू कंपनीचं आशियातलं हब १९९५पासून फिलिपिन्समध्ये सुबिक बे इथं होतं. २००९मध्ये ते चीनमध्ये ग्वांगझूला गेलं. त्याच कंपनीनं कोविडच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे हाँगकाँगचा वैमानिकांचा बेस बंद करायचं नोव्हेंबर २०२१मध्ये जाहीर केलं. ही कंपनी बुडालेली नव्हती, काम उत्तम चालू होतं. तरीही ज्यांनी तिथं घर मांडलं होतं त्यांना ते आवरावं लागलं.

आमच्याही बाबतीत तेच झालं, फक्त कंपनी वेगळी. सोळाव्या महिन्यात एक ईमेल आला आणि नव्वद दिवसांत दुसऱ्या देशात हजर व्हायचं ठरलं. भाड्याचा करार दोन वर्षांचा होता आणि त्यात मधेच सोडण्याची सोय नव्हती. मुलाच्या शाळेची वर्षाची फी नुकतीच भरली होती, तीही परत मिळाली नाही. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून वहीत आकडे मांडत होतो. ती वही अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, जाण्याच्या यादीआधी परतण्याची यादी करा. भाडेकरारात "कंपनीनं बदली केली तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल" असं कलम घालूनच सही करा. घरमालक कां कू करतात, पण बहुतेक मान्य करतात. शाळेला फी सत्रागणिक द्या. बेस बंद झाल्यास सामान परत आणण्याचा खर्च, कुटुंबाची तिकिटं आणि व्हिसा रद्द करण्याचं काम कोणाकडे, हे कंपनीच्या पत्रात नसेल तर मागून घ्या. बदली कोणाची आधी होते हेही विचारा. बहुतेक ठिकाणी सगळं सीनियॉरिटीवर चालतं, आणि यादीत शेवटी असणाऱ्याला मिळेल तो बेस घ्यावा लागतो.

इथली नोकरी सोडण्याचा हिशेब याच्याही आधी मांडावा लागतो. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नवी कंपनी मात्र "तीन महिन्यांत या" म्हणते. जुन्या कंपनीकडून एनओसी कधी मिळेल हे लेखी हातात आल्याशिवाय फ्लॅट भाड्यानं देऊ नका, शाळेतून दाखला काढू नका. ट्रेनिंगचा बाँड (प्रशिक्षणाच्या खर्चापोटी ठरावीक काळ नोकरी करण्याचा करार) शिल्लक असेल तर ती रक्कमही याच हिशेबात धरा.

लायसन्सचं काम नवराच करेल, पण कागद जुळवायला हात लावा. लॉगबुकाचं (उड्डाणांच्या नोंदवहीचं) प्रत्येक पान स्कॅन करा आणि तासांच्या बेरजा जुन्या कंपनीकडून शिक्क्यासह घ्या, कारण नोकरी सुटल्यावर त्या शिक्क्यासाठी फेऱ्या मारायला कोणी नसतं. युरोपचं लायसन्स लागणार असेल तर त्यांच्या तेरा विषयांच्या परीक्षा असतात. एवढा अभ्यास उडता-उडता होत नाही, त्यासाठी घरात चार-सहा महिने वेगळे काढावे लागतात. भारतीय लायसन्स आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाच्या तब्येतीचा दाखला, मात्र कधीही मरू देऊ नका. मेडिकल वर्षाचं असतं, साठीनंतर सहा महिन्यांचं. परतायची वेळ आली तेव्हा आम्हाला खरा आधार त्याचाच झाला.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतं. पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदला. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांच्यासाठी देश पाहावा लागतो. हाँगकाँगला आणि लक्झेंबर्गला अपोस्टील (परराष्ट्र मंत्रालयाचं परदेशात मान्य होणारं प्रमाणीकरण) चालतं. दुबईला चालत नाही. तिथं आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एका अक्षरानंही वेगळं असलं तर सगळं तिथंच अडतं. माझ्या दाखल्यात सासरचं नाव, पासपोर्टात माहेरचं, त्यात तीन आठवडे गेले.

थकव्याचा विषय करारातच काढा. लाजू नका. कोणत्या देशाचे ड्यूटीचे नियम लागू होणार, हे विमान कोणतं यापेक्षा महत्त्वाचं आहे. आपल्याकडे १ जुलै २०२५पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली. युरोपात प्रवासी आणि मालवाहू दोघांना एकच नियम आहेत. अमेरिकेत मात्र जानेवारी २०१४मध्ये विश्रांतीचे कडक नियम आले तेव्हा मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं गेलं. त्याच्या आधी पाचच महिने, १४ ऑगस्ट २०१३ला पहाटे, यूपीएस या मालवाहू कंपनीचं एक ए-३०० विमान अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला उतरताना कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. चौकशीत धावपट्टीकडे खाली येतानाच्या चुकीबरोबर थकव्याचाही उल्लेख होता. मागे प्रवासी बसलेले नसले तरी पुढच्या दोन खुर्च्यांवर माणसंच बसतात. हा फरक मला कधी पटला नाही, आणि पटणारही नाही.

रात्री दोन ते पहाटे सहा शरीर सगळ्यात ढिलं पडतं, आणि मालवाहू विमानाचं काम नेमकं तेव्हाच असतं. त्यामुळे दिवसा झोप मिळवणं हे सगळ्या घराचं काम आहे. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये ते सोपं नाही. मी जांभळी नाक्यावरून काळं जाड कापड आणून पडद्यांना दुहेरी अस्तर शिवून घेतलं आणि पडद्याच्या कडा भिंतीला वेल्क्रोनं चिकटवल्या, कारण उजेड कडेनंच आत येतो. बेलची वायर काढली आणि दाराला पाटी लावली, "बेल वाजवू नका, फोन करा". दूध, इस्त्री, कुरिअर सगळं वॉचमनकडे. नवरा झोपलेला असताना कुकर लावत नाही. भात पातेल्यात करते, डाळ आदल्या दिवशीच शिजवून ठेवते. वरच्या मजल्यावर फरशीचं काम निघालं तेव्हा सेक्रेटरींकडे जाऊन नवऱ्याचं रोस्टर दाखवलं, आणि त्या काकांनी ड्रिलची वेळ दुपारी चारनंतरची करून दिली. मुलगा चौथीत असल्यापासून चवड्यांवर चालायला शिकला आहे. तिकडचं घर बघतानाही आधी बेडरूमची खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारा, बाकीचं नंतर.

पैशांचं थोडक्यात सांगते. परदेशी राहायला गेलात की साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, तिकडचा पगार पाठवायला एनआरई खातं उघडा. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, नवं काढता येत नाही. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही करासाठी निवासी, म्हणून ये-जा करणाऱ्या वैमानिकानं पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा एका वहीत लिहीत जाव्यात. आम्ही एका वर्षी नऊ दिवसांनी वाचलो. युरोपातल्या बेसवर असाल तर सामाजिक विमा होम बेस ज्या देशात त्या देशाचा लागतो, कंपनी कुठलीही असो. भारतीय मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

विम्याचे कागद मात्र भिंग लावून वाचा. बऱ्याच अपघात विम्यांमध्ये "तिकीट काढलेला प्रवासी" सोडून बाकी कोणाचा विमानातला मृत्यू धरत नाहीत. वैमानिक प्रवासी नसतो, म्हणजे हप्ते भरूनही हातात काही नाही. ३ सप्टेंबर २०१०ला दुबईत यूपीएसचं ७४७ मालातल्या आगीत गेलं, त्यात लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यातलेही दोघं गेले. अशा बातम्या आल्या की मी विषय टाळायचे. आता टाळत नाही. टर्म पॉलिसीत धंदा स्पष्ट लिहून घेतला आहे, शिवाय मेडिकल गेलं तर मिळणारा लायसन्सचा विमाही काढला आहे.

आईवडिलांसाठी स्वतंत्र दिवस ठेवा. सासूबाईंच्या मेडिक्लेमचं कार्ड, औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांचा नंबर, रात्री धावून येईल अशा भाच्याचा नंबर, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून फ्रिजच्या बाजूला टांगा. फ्लॅटचं मुखत्यारपत्र जाण्याआधी इथंच नोंदणी करून द्या. परदेशातून करायचं तर वकिलातीत जावं लागतं. सोसायटीत नॉमिनी भरलेला आहे का ते पाहा. मालमत्ता कर आणि विजेचं बिल कोण भरणार त्याचं नाव ठरवा, "बघू" म्हणून सोडू नका.

खाण्याचं सामान शेवटी. युरोपात प्रवाशाला बाहेरचं मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप आणि पेढे इथंच ठेवा. दुबईला खसखस अजिबात नेऊ नका, तिथं ती अमली पदार्थांत धरतात. अनारसे खसखशीवर थापलेले असतात आणि काही घरांच्या मसाल्यातही ती असते, म्हणून दिवाळीचा डबा भरणाऱ्या आजीला आधीच सांगा. माझ्या आईनं आता जावयासाठी बिनखसखशीचा मसाला वेगळ्या बरणीत ठेवला आहे. कोडीनचं खोकल्याचं औषधही तिकडं परवानगीशिवाय चालत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गॅसचा कॉक, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह आणि इन्व्हर्टर बंद करा, कुंड्या खाली बागेत नेऊन ठेवा. किल्लीचे दोन जुडगे करा. एक शेजारच्या काकूंकडे आणि एक तुमच्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही.