लहान पोर डोक्यावर आपटलं तर, त्याची तयारी आधीच करून ठेवा

नुकतं चालायला लागलेलं पोर घरात असेल तर ते कधीतरी डोक्यावर पडणार हे धरूनच चला, आणि आपल्याकडे कोकणात पडायला जागाच जागा, चिऱ्याच्या पायऱ्या, पडवीचा कठडा, झोपाळा, उंबरठा, पावसात शेवाळ धरलेली पाखाडी. बहुतेक वेळा टेंगूळ येतं, रडारड होते आणि थोड्या वेळात पोर परत खेळायला लागतं. पण कधीतरी खरंच आत लागलेलं असतं आणि तेव्हा सीटी स्कॅन आपल्या गावात नसतं, म्हणून निम्मी तयारी ही रस्त्याची तयारी आहे.

तर पहिलं काम म्हणजे कुठे न्यायचं ते आजच ठरवा. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असतं, तिथे आधी दाखवायला हरकत नाही, पण सीटी स्कॅन तिथे नसतं, ते जवळ कुठे आहे, रात्री चालू असतं का, मुलांचे डॉक्टर कुठे भेटतात हे फोन करून विचारून घ्या. चिपळूणकडची माणसं डेरवणच्या रुग्णालयात नेतात, रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, तळकोकणात ओरोस, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडचे बरेच जण थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने जाणारे असाल तर शेवटची फेरी कितीची ते पाठ पाहिजे, कारण ती चुकली की सगळ्या खाडीला वळसा. १०८ ला फोन फुकट लागतो, दिवसरात्र, पण वाडीचा पत्ता सांगताना भलेभले गडबडतात, तेव्हा कुठल्या स्टॉपवरून वळायचं, देवळाच्या कुठल्या अंगाला घर, गाडी दारापर्यंत येते का, हे चार ओळीत लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवा. खाली दोन रिक्षावाल्यांचे नंबर, दोन अशासाठी की एक भाड्यावर गेलेला असतोच. रेंज परसातल्या एकाच कोपऱ्यात येत असेल तर तेही आजीला दाखवून ठेवा, कारण पोर पडतं तेव्हा बऱ्याचदा घरी आजीच असते.

त्याच कागदावर पोराचं वजन लिहा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. दुखण्यावर द्यायच्या पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, आणि सिरपच्या बाटल्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅमच्या पण येतात आणि २५० च्या पण. म्हणजे १० किलोच्या पोराला एका बाटलीतलं ६ मिली आणि दुसरीतलं ३ मिली, चुकीची बाटली उचलली की डोस दुप्पट! घरात एकच ठेवा आणि किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन ही दुखण्याची दुसरी औषधं डोक्याला लागल्यावर नाही द्यायची. बाकी सामान थोडंच, स्वच्छ सुती कापड, फ्रीजरमध्ये बर्फ, आणि चार्ज केलेली बॅटरी कारण पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आता पडल्यावर. आधी घड्याळ बघा, कशावरून पडलं आणि कशावर पडलं ते लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. लगेच रडलं तर चांगलंच, पण "रडलो ना, काय होवचा नाय" म्हणून विषय संपवायचा नाही. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, टेंगूळ चोळायचं नाही, नाणं दाबायचं नाही. रक्त येत असेल तर कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये उचलून बघत बसू नका, डोक्याच्या कातडीचं रक्त दिसायला भयंकर दिसतं. हळद किंवा कॉफी पावडर चेपू नका, डॉक्टरांना जखमच दिसत नाही मग. हाड आत गेल्यासारखं वाटलं तर तिथे अजिबात दाबायचं नाही. मान दुखावल्याची शंका असेल, हातपाय हलत नसतील तर उचलूच नका, १०८ ला फोन करा.

कधी वाट न बघता निघायचं ते घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. क्षणभर का होईना शुद्ध हरपली, झटका म्हणजे आकडी आली, एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, नाकातून-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, चालताना तोल जातोय, एक हात वापरत नाही, उठवून उठत नाही, किंवा कशानेच शांत होत नाही. एक वर्षाच्या आतलं असेल तर काही दिसत नसलं तरी दाखवाच. दोन वर्षांच्या आतलं पोर तीन फुटांहून उंचावरून पडलं तरी दाखवायचं, आपला स्वयंपाकाचा कट्टा साधारण तेवढा असतोच. कपाळावरच्या टेंगळापेक्षा कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला आलेली मऊ, लिबलिबीत सूज जास्त काळजीची. आकडी आली असताना कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं.

झोपू द्यायचं का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नेहमीसारखं वागत असेल आणि झोपेची वेळ असेल तर झोपू दे, जागं ठेवण्यासाठी हलवत बसू नका. पहिल्या रात्री एखाद-दोनदा हलकेच उठवून आईला ओळखतंय ना, कुरकुरून परत झोपतंय ना एवढं बघा. चोवीस तास नीट लक्ष ठेवायचं, दुसरा दिवसही सांभाळूनच, उलटी झाली तर किती वाजता ते त्याच कागदावर लिहा. डॉक्टर प्रत्येकाला सीटी स्कॅन सांगत नाहीत, काही तास नजरेखाली ठेवू म्हणतात, तेव्हा हट्ट करू नका, लहान वयात विनाकारण रेडिएशन नको. पण घरी सोडलं आणि रात्री बिघडलं तर परत जायला लाजू पण नका, आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सोडताना ताईंना काल काय झालं ते सांगून ठेवा, म्हणजे पोर एरवीपेक्षा गप्प बसलं तर त्या लगेच फोन करतील.