मुख्य गायक गेल्यावर बँड हमखास करतात त्या चुका, या टाळा

गायक गेला, वारला किंवा सोडून गेला, की पहिली धावपळ सुरू होते ती हुबेहूब तसाच आवाज शोधण्याची. तसा गळा मिळालाच तर बँड स्वतःच्याच गाण्यांची नक्कल करणारा होऊन बसतो. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी वारला आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन नवा अल्बम बाजारात होता. जॉन्सनने स्कॉट व्हायचा प्रयत्न केला नाही. शिवाय सुरुवात नव्या गाण्यांनी झाली, हे जास्त महत्त्वाचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पट्टीची. आयर्न मेडन या बँडमध्ये गायक ब्रूस डिकिन्सनच्या जागी ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खालचा, जुनी गाणी मात्र मूळ पट्टीतच वाजत राहिली; मैफलीत त्याच्या गळ्यावरचा ताण कळायचा. हे टाळायचं तर नव्या गायकाची परीक्षा तालमीच्या सुरुवातीला घेऊ नका. दोन तास गाऊन झाल्यावर सर्वांत उंच कोरस (ध्रुवपद) लागोपाठ तीनदा गायला लावा. तिसऱ्यांदा सूर खाली आला तर पट्टी उतरवा. गिटार आणि बेस दोन्ही अर्ध्या सुराने उतरवले की बहुतेक रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) तसेच्या तसे वाजतात. पूर्ण सूर उतरवला तर तारा सैल पडतात, बेसची जाड तार लडबडते; मग जास्त जाडीच्या तारांचा सेट चढवावा लागतो. त्याहून खाली जावं लागत असेल तर ते गाणं सरळ यादीतून काढा. हट्ट कशाला?

ऑडिशनच्या नादात घरातला गळा विसरला जातो. गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिस या बँडमधून बाहेर पडल्यावर बऱ्याच जणांना तपासून झालं आणि शेवटी ड्रमर फिल कॉलिन्सच गाऊ लागला. अर्थात मैफलीसाठी मग दुसरा ड्रमर शोधावा लागला!

बँडचं नाव पुढे कोण वापरणार, ते आधीच कागदावर आणा. जॉय डिव्हिजन या बँडने गायक इयन कर्टिसच्या मृत्यूनंतर नाव बदलून न्यू ऑर्डर केलं. द डोअर्स या बँडच्या, गायकामागे उरलेल्या तिघांपैकी दोघांनी २००० नंतर जुन्या नावाच्या आधाराने दौरे काढले, तर तिसरा, ड्रमर जॉन डेन्समोर, कोर्टात गेला आणि जिंकला.

दिवंगत गायकाचा रेकॉर्ड केलेला आवाज मंचावर लावायचा मोह होतोच. लावा, पण एखाद्याच गाण्याला. तो आवाज तुमच्यासाठी थांबत नाही. ड्रमरच्या कानात क्लिक (लय सांगणारा ठोका) नसेल तर दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे मागेपुढे झालेले असतात.