टेम्पोत घरसामान भरताना काय आधी, काय शेवटी

पॅकर्सवाल्यांना न देता स्वतः टेम्पो ठरवून घर हलवायचं म्हटलं, की सगळ्यांना एकच काळजी असते: सामान मावेल ना? मावतं. कोंबलं की बरंच मावतं. पण कसारा घाट उतरताना ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला तर फ्रिज जागेवर राहील का, आणि वळणावर गाडी एका अंगाला झुकली तर कपाट कोणत्या दोरीच्या भरवशावर उभं आहे, याचा विचार सामान चढवायच्या आधी करावा लागतो. वाटेत सामानाचं जे नुकसान होतं, ते बहुतेक वेळा सामान जागचं हलल्याने होतं. त्यामुळे पुढची सगळी खटपट सामान हलू नये यासाठी आहे.

आधी गाडी. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, याचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि ५ फुटांना थोडा कमी रुंद असतो. तो पाऊण टनाच्या आसपास वजन नेतो. पिकअपचा हौदा ८ ते ९ फुटांचा आणि वजन दीड टनाच्या आसपास. टाटा ४०७ त्याहून मोठी, आणि त्यापुढे १४ फुटी आयशर. मॉडेलप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून ड्रायव्हरकडून आरसीचा फोटो मागवा. त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्यांतला फरक तेवढा तुमचा, आणि त्यातही ड्रायव्हर व शेजारी बसणारा माणूस धरायचा.

जागेपेक्षा वजन लवकर संपतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साडेसहा फुटी लोखंडी कपाट रिकामं असतानाही ८० ते १०० किलो भरतं. दोन कपाटं, दोन दारांचा फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन (त्यात काँक्रीटचे ठोकळे असतात, म्हणून ते ६० किलोच्या पुढे जातं), इन्व्हर्टरची बॅटरी ५०-६० किलो, घरघंटी, प्लायवूडचा पलंग आणि पुस्तकांचे दहा खोके एवढ्यातच साडेसहाशे किलोच्या आसपास होतात. सोफा, भांडी, गाद्या, कपडे अजून बाकीच आहेत. वन बीएचकेचं सगळं बिऱ्हाड एका फेरीत न्यायचं असेल, तर पिकअपच्या खाली विचार करू नका. टू बीएचकेला ४०७ किंवा आयशर. भाडं वाचवायला छोटा हत्ती घेऊन त्यावर दीडपट माल चढवला, की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि टायर तापतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. हौद्याच्या बाजूने, मागून किंवा ठरलेल्या उंचीच्या वर सामान बाहेर निघालं तरी २०,००० च. पलंगाच्या फळ्या मागे लोंबत ठेवून, त्यांना लाल फडकं बांधून निघायची सवय आता सोडायला हवी.

आदल्या दिवशीची कामं

फ्रिज निदान एक दिवस आधी बंद करा. बर्फ वितळू द्या, मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी काढा, काचेचे कप्पे आणि भाजीचा ट्रे बाहेर काढून वेगळे बांधा. दारं चिकटपट्टीऐवजी दोरीने किंवा स्ट्रेच फिल्मने बांधा, चिकटपट्टीने रंगाचा पापुद्रा निघतो.

फ्रंट लोड मशीनचा ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो. मशीन आणलं तेव्हा मागच्या बाजूने काढलेले तीन-चार लांब बोल्ट याच कामाचे. ते शोधून परत बसवा. ते न लावता नेलं तर प्रत्येक खड्ड्याला ड्रम आत आपटतो आणि शॉक ॲब्झॉर्बर किंवा बेअरिंग जातं. बोल्ट हरवले असतील तर त्याच मॉडेलचे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आठवडाभर आधी मागवा. टॉप लोड असेल तर टब आणि बाहेरचा पत्रा यांच्या फटीत जाड टॉवेल चारी बाजूंनी खुपसा. दोन्हींतलं पाणी पाइप खाली सोडून पूर्ण काढा.

पुस्तकं लहान खोक्यात, एका खोक्याचं वजन १२ ते १५ किलोपर्यंत. मोठ्या खोक्यात भरलेली पुस्तकं जिन्यावर तळ फुटून खाली येतात. खोका अर्धवट रिकामा ठेवू नका. वरचं खोकं त्याला चेपतं आणि मग अख्खी चळत कलते. उरलेल्या जागेत कपडे, चादरी, उशांचे अभ्रे भरा. काचेच्या बशा आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवा, म्हणजे धक्का बसला तरी एकीचं वजन दुसरीवर येत नाही. स्टीलची भांडी पिंपात किंवा मोठ्या डब्यांत जातात. गहू-तांदळाची कोठी मात्र रिकामी करून धान्य पोत्यांत न्या, भरलेली कोठी उचलताना तिचे कान तुटतात.

पलंग आणि वॉर्डरोब उघडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. स्क्रू एका पिशवीत घालून, ती पिशवी त्याच फळीला चिकटवा. हायड्रॉलिक पलंगाचे दोन दांडे दाबाखाली असतात. झाकण पूर्ण उघडलेलं असताना, दोघांनी झाकण धरलेलं असताना, मगच ते काढायचे. पार्टिकल बोर्डचं फर्निचर सरकवत नेलं की जोडातली भोकं मोठी होतात, नंतर स्क्रू धरत नाहीत. ते उघडूनच न्या.

गाव बदलत असाल तर गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, कनेक्शन बंद केल्याचं व्हाउचर घ्या आणि अनामत परत घ्या. गावातल्या गावात सिलिंडर न्यावाच लागला तर वरची प्लास्टिकची टोपी लावून, उभा, उघड्या हौद्यात, कडेला बांधून. बंद कंटेनरमध्ये किंवा केबिनमध्ये कधीही नाही. रॉकेल, थिनर, रंगाचे उघडलेले डबे सामानात घालू नका.

जवळ हे असू द्या: १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या चार-पाच दोऱ्या, प्रत्येकी १०-१२ मीटर, आठ-दहा गोणपाटं, जुन्या गोधड्या, दोन इंची चिकटपट्टी, उलगडून सपाट केलेले पुठ्ठे, आणि ऋतू कोणताही असो, हौद्यावरून खाली दोन्ही बाजूंना फूटभर उतरेल एवढी ताडपत्री. सुतळी खोक्यांना ठीक, सामान आवळायला नाही.

चढवायचा क्रम

टेम्पो सपाट जागी, मागचा फाळका (हौद्याची उघडणारी मागची बाजू) घराच्या दाराच्या दिशेला. उतारावर उभा करावा लागला तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या दोन्ही चाकांना दगड किंवा विटा. जड कपाट चढताना गाडी इंचभर सरकली तरी खालच्या माणसाचा पाय जातो. हौदा झाडून घ्या, खिळा किंवा सुटा पत्रा दिसला तर वाकवा, आणि तळाला गोणपाट पसरा. लोखंडावर लोखंड घसरतं, गोणपाटावर घसरत नाही.

सगळ्यात जड वस्तू आधी चढवायची, खाली आणि केबिनच्या पाठीला टेकवून. याची कारणं दोन. ब्रेक दाबला की सगळं सामान पुढे झेपावतं. मागे सुटं राहिलेलं कपाट तीन-चार फूट वेग घेऊन केबिनवर आदळतं, पण केबिनला आधीच टेकलेलं असेल तर त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. दुसरं, हौद्याचा मागचा भाग मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे वजन पडलं की गाडी तरफेसारखी पुढून हलकी होते, स्टिअरिंग सैल वाटतं आणि पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत. चढावर हे जास्त जाणवतं.

डावं-उजवंही तोला. दोन कपाटं एकाच अंगाला लावू नका, एक डावीकडे, एक उजवीकडे. आपल्याकडे पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे भरलेला टेम्पो तसाही डावीकडे कलतो. चुकून एखादी बाजू जड होणारच असेल तर ती डावी नसावी.

लोखंडी कपाट रिकामंच हलवा. आत कपडे राहिले की खालचे पाय वाकतात आणि दारं नंतर लागत नाहीत. लॉकरमधलं सगळं काढा, किल्ली खिशात. मोठ्या गाडीत ते उभं, पाठ केबिनकडे. छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये उभं कपाट वाऱ्याला आणि झाडांच्या फांद्यांना फार वर जातं, तिथे ते पाठीवर आडवं निजवा, खाली गोधडी, आणि वर फक्त हलकं सामान. आरशाचं कपाट मात्र उभंच न्यायचं. आडवं नेण्याशिवाय मार्ग नसेल तर आरसा उतरवा.

कपाटांच्या जोडीला घरघंटी, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन आणि बॅटरी याच पुढच्या पट्ट्यात, तळाला. बॅटरीत आम्ल असतं. ती उभी, प्लास्टिकच्या टबात, दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टी लावून, आणि वर काहीही न ठेवता. कपड्यांच्या खोक्याशेजारी तर नकोच, चार थेंब सांडले तरी कापड जळतं.

त्यानंतर फ्रिज आणि मशीन, उभेच. फ्रिज आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. फ्रिजच्या मागच्या जाळीला किंवा कॉम्प्रेसरच्या बाजूला खोक्याची कड टेकू देऊ नका, तिथे पुठ्ठा आणि गोधडी.

इथपासून खोक्यांच्या भिंती रचायच्या. हौद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक रांग तळापासून वरपर्यंत पूर्ण करा, मगच तिच्यामागे दुसरी. आधी सगळा तळ भरून मग वरचा थर, असं केलं की मधे फटी राहतात आणि वरचं सामान त्यांत उतरत जातं. विटांचा जोड जसा सांधा मोडून रचतात तसं खोकं दोन खोक्यांच्या मधोमध बसवा. भिंतीत राहिलेली प्रत्येक फट उशी, बोचकं, गुंडाळलेली सतरंजी यांनी ठासा. कपड्यांची गाठोडी त्यासाठीच राखून ठेवायची, आधी चढवून टाकायची नाहीत. एक भिंत झाली की हाताने ढकलून बघा. डुगडुगली तर मागची रांग लावू नका, आधी ती दुरुस्त करा.

टीव्ही आडवा ठेवला की पॅनेलला तडा जातो. तो उभा, दोन गाद्यांच्या मधे किंवा गादी आणि सपाट फळी यांच्या मधे, पडद्याची बाजू गादीकडे. गाद्या हौद्याच्या कडेला उभ्या लावल्या की त्यांचा भिंतीसारखा उपयोग होतो. स्प्रिंगची किंवा काथ्याची गादी दुमडू नका.

दुचाकी न्यायची असेल तर तिच्यासाठी शेवटची जागा राखा. निदान ७-८ फूट लांब, दोन इंच जाड फळी, इंजिन बंद, एक जण हँडलला, दोघे मागून. चालू गाडी फळीवर चढवणं हा फार वाईट प्रकार आहे, फळी निसटते. पेट्रोल नावापुरतं ठेवा. पुढचं चाक सामानाला टेकवा, हँडलपासून दोन्ही बाजूंना खाली दोरी ओढून पुढचे शॉक निम्मे दबेपर्यंत आवळा. नुसत्या स्टँडवर उभी केलेली गाडी दहाव्या किलोमीटरला आडवी होते.

कुंड्या, झाडू, बादली, पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी फाळक्याजवळ. कुंड्यांना दोन दिवस पाणी घालू नका, वजन कमी होतं. दागिने, कागदपत्रं, औषधं आणि देव टेम्पोत नकोत, ते सोबत.

दोरी

दर दोन-तीन रांगांनंतर एक दोरी आडवी टाका, सगळ्या शेवटी ठेवू नका. एक टोक डाव्या हुकाला पक्कं. दोरी सामानावरून उजवीकडे आणा. उजव्या हुकाच्या दीड-दोन फूट वर दोरीला एक पिळाचा फेर द्या आणि त्यातून दोरीचाच दुमड ओढून फास काढा. मोकळं टोक हुकाखालून घेऊन या फासातून घाला आणि खाली ओढा. साध्या ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. ताण न सोडता फासाजवळ चिमटीत धरून दोन अर्ध्या गाठी मारा. ही ट्रकवाल्यांची गाठ बहुतेक ड्रायव्हरना येते, पण प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघा. जिथे दोरी फळीच्या किंवा कपाटाच्या कडेवरून जाते तिथे खाली पुठ्ठा. घासून दोरी तुटते, आणि त्याआधी रंग जातो.

ताडपत्री पुढून मागे नाही, मागून पुढे अंथरा, म्हणजे पुढची कड सगळ्यात वर येते. ती कड केबिनमागे घट्ट दुमडून बांधा. तिथून वारा शिरला की ताडपत्री फुगते आणि दोऱ्या सैल करते.

निघताना आणि पोचल्यावर

सामान धरून बसायला हौद्यात कोणालाही पाठवू नका. केबिनमध्ये सामानाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस बसू शकतो, १९९४ च्या दुरुस्तीपासून तो गाडीच्या विम्यात धरला जातो. हौद्यात बसलेल्या मदतनीस मित्रांना तो आधार नाही.

पहिल्या १०-१५ किलोमीटरला थांबा आणि सगळ्या दोऱ्या पुन्हा आवळा. खड्ड्यांनी सामान तेवढ्यात बसलेलं असतं आणि दोऱ्या हमखास ढिल्या झालेल्या असतात. पाऊस लागला तर त्यानंतर पुन्हा एकदा, कारण नायलॉन भिजलं की ताणतं. घाट चढण्याआधी आणि उतरण्याआधी पाहणं वेगळंच.

पोचल्यावर फाळका उघडताना समोर उभे राहू नका. बाजूला उभं राहून एक कडी काढा, फाळका हाताने धरून ठेवा, मग दुसरी. प्रवासात मागे सरकलेलं खोकं त्यालाच टेकलेलं असतं. फ्रिज जागेवर उभा करून दोन-तीन तास तसाच ठेवा, वाटेत आडवा करावा लागला असेल तर दिवसभर, आणि मग सुरू करा. वॉशिंग मशीनचे बोल्ट पहिल्या धुण्याआधी काढा. ते तसेच ठेवून मशीन फिरवलं तर ते न्हाणीघरभर उड्या मारतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून मशीनच्या मागच्या पत्र्यालाच चिकटवून ठेवा.