बाथचे डोनट : या चुका टाळा आणि रव्याला झोपू द्या

वीस डिसेंबर उलटला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. भोक बुजलेले डोनट, खालून करपून वरून पांढरेफटक राहिलेले डोनट, अर्धे साच्यात चिकटून अर्धेच बाहेर आलेले डोनट. खाली एकच ओळ: "ताई, काय चुकलं?" मी वेंगुर्ल्यात घरून ऑर्डरी घेते, नाताळाआधी चार बायकांना शिकवतेही, म्हणून हे सगळं माझ्याकडे येतं. आणि उत्तरं दरवर्षी तीच. म्हणून यंदा एकदाच बसून लिहिते. पुढचा फोटो आला की हेच पाठवीन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बाथ म्हणजे रवा आणि ओल्या नारळाचा केक. गोव्यात आणि आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत तो नाताळला होतो. कुणी बातिका म्हणतं. वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी घातलेली असते. मी त्याचे डोनट करते, तेही भाजून. यीस्ट नाही, तळण नाही. म्हटलं तर कड्याच्या आकाराचा छोटा केकच. पण त्या भोकाला अर्थ आहे. बाथचं मिश्रण जड असतं. मोठ्या भांड्यात मधला भाग शिजायला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात कडा वाळून जातात. कड्याला आच आतूनही लागते, त्यामुळे पंधरा मिनिटांत काम होतं आणि डोनट ओलसर राहतो.

गंमत म्हणजे डोनटचा पूर्वज म्हणून डच लोकांच्या 'ओलीकूक'चं नाव घेतात, म्हणजे तेलातला केक. आणि आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार अजून पडक्या भिंतींनिशी उभी आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायला मी काही इतिहासकार नाही, पण बाजारातून येताना वखारीकडे नजर गेली की मला हसू येतं.

माझं प्रमाण आधी सांगते, म्हणजे पुढे तेच तेच विचारू नका. बारीक कच्चा रवा २०० ग्रॅम, ओला नारळ १५० ग्रॅम, नारळाचं दूध १५० मिली, साखर १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, तीन अंडी, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, वेलची, किंचित जायफळ. यात साधारण बारा डोनट होतात. ग्रॅम लिहिलेत ते मुद्दाम. "वाटीत सांगा ना" म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या चार वाट्या पाण्याने भरून मोजून बघाव्यात.

रव्याला वेळ न देणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि मला राग येतो तोही हिचाच.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून भाचसून आली होती. हुशार मुलगी, हात चालणारा. तिने कुठल्याशा रीलमध्ये पंधरा मिनिटांतला रवा केक पाहिला होता. म्हणाली, "मावशी, रात्रभर कशाला भिजवायचा? कोमट दुधात घातला की वीस मिनिटांत फुगतो." मला त्या दिवशी ताप होता. म्हटलं, कर बाई तुझ्या मनासारखं.

चोवीस डोनट झाले. दिसायला माझ्यापेक्षा सुंदर. वर आयसिंगच्या बारीक रेघांची जाळी, प्रत्येक चौकटीत काजूचा एकेक तुकडा. चोवीस तारखेच्या संध्याकाळी ताट भरून शेजारच्या आंटीकडे गेलो. आंटीकडे बाथ पिढ्यान् पिढ्या होतो, आणि मी शिकले तीही तिच्याकडूनच. तिने एक डोनट उचलला, मधोमध मोडला, तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. दाताखाली कच् कच् असा आवाज मलासुद्धा ऐकू आला. मग शांतपणे म्हणाली, "रवो अजून जागो आसा गो."

रवा अजून जागाच आहे! भाचसुनेला कळेना हसावं की रडावं.

होतं काय, की वीस मिनिटांत रव्याचा कण फक्त बाहेरून फुगतो. गाभा कोरडाच राहतो. ओव्हनमध्ये गेल्यावर तो कोरडा गाभा आजूबाजूचा ओलावा ओढून घेतो. डोनट बाहेर आला की छान दिसतो, पण कण कचकचतो आणि बाकीचा भाग वाळूसारखा सुटतो. दुसऱ्या दिवशी तर आणखीच भुगा. त्या चोवीसांतले उरलेले मी दुधात शिजवून खीर म्हणून खपवले.

माझी सवय अशी: रात्री जेवणं उरकली की रवा, नारळ आणि नारळाचं दूध एवढंच कालवायचं. भांड्यावर झाकण, आणि भांडं फ्रीजमध्ये. आंटी पूर्वी फळीवर ठेवायची, पण आता आमच्याकडच्या डिसेंबरचा भरवसा नाही. एखादी रात्र उकडते, आणि ओला नारळ बाहेर राहिला तर सकाळी आंबूस वास येतो. रात्री लोणी घालायचं नाही, कारण फ्रीजमध्ये ते गोठून मिश्रणाचा दगड होतो. साखर नाही, अंडी नाहीत. आंटी रात्रीच पिवळा बलक घालते आणि सकाळी पांढरा फेसून. तिचं तिच्यापाशी, तिचा हात आहे तसा. माझ्या शिकाऊ मुलींना मी ते करू देत नाही.

सकाळी भांडं तासभर आधी बाहेर काढायचं. आता इथे दुसरी घाई होते. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट दिसतं, आणि नवशिकी घाबरून पेलाभर दूध ओतते. ओतू नका. लोणी-साखर फेसून, त्यात एकेक अंडं घालून ते मिश्रणात मिसळलं की ते आपोआप सैल होतं. अगदीच वाटलं तर दोन मोठे चमचे दूध, त्याहून थेंब जास्त नाही. पेलाभर दुधाचे डोनट ओव्हनमध्ये फुगतात आणि बाहेर काढताक्षणी खाली बसतात, मग मला फोटो येतो.

रवा कच्चाच घ्या. पाकिटातला भाजलेला रवा घेतला की डोनटला शिऱ्याचा वास येतो. शिरा मला आवडतो, पण नाताळच्या ताटात नाही.

बेकिंग पावडर रात्रीच घालणं. नका. ओलावा लागला की ती काम सुरू करते, सकाळपर्यंत दमून जाते. आणि गेल्या वर्षीची डबी असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर फेकून द्या, जीव लावू नका. आमच्या दमट हवेत उघडी डबी पावसाळा काढत नाही.

परसात माड आणि ओट्यावर पाकीट. हे मी समजू शकते, कारण हल्ली माडावर चढणारा मिळेपर्यंत सण उलटून जातो. पण डेसिकेटेड खोबरं कोरडं असतं आणि रव्याच्या वाटणीचं दूध तेच पिऊन टाकतं. नाइलाजच असेल तर १०० ग्रॅम घ्या आणि दूध निदान ८० मिलीने वाढवा. चव तशी येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ओला नारळ घेणार असाल तर खवताना पांढरा भाग संपला की हात थांबवा. आमचा आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, धारदार, त्याला तपकिरी पाठीपर्यंत जायची हौस. ती पाठ मिसळली की डोनटवर काळे ठिपके आणि मागाहून तुरट चव. खवलेला नारळ मिक्सरमध्ये पाणी न घालता एकदाच फिरवा. लांब शेव राहिली तर पिशवीच्या टोकात अडकते.

हो, पिशवी. चमच्याने साचा भरू नका, एक बाजू जाड आणि एक पातळ होते. मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवते, मिश्रण भरते आणि कोपरा बोटाएवढा कापते. साचा दोनतृतीयांश भरायचा. वरपर्यंत भरला की भोक बुजतं, आणि भोक बुजलेला डोनट म्हणजे कप केक, तोही मध्ये कच्चा.

साच्याच्या मधल्या खुंटीला तूप लावायला अर्ध्याअधिक जणी विसरतात. खळग्याला लावतात, खुंटी कोरडी. मग डोनट काढताना आतली कड फाटते. बोटाने खुंटीभोवती तूप फिरवा, वर चिमूटभर बारीक रवा भुरभुरा आणि साचा उलटा करून झटका.

काजू अख्खे घालू नका. इथल्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींचा गर चांगला मोठा असतो. जड काजू तळाशी जाऊन बसतो. चार तुकडे करा.

बाजारातलं पिवळं लोणी खारट असतं. मीठ वेगळं घालू नका.

ओव्हनबद्दल थोडक्यात. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, बटणावरचे आकडे म्हणजे राजकारण्यांचं आश्वासन. माझ्या जुन्या ओटीजीत १८० वर ठेवलं की आत २०० असायचं, आणि ते मला कळलं आत टांगायचा थर्मामीटर घेतल्यावर, तोवर किती घाणे करपले ते विचारू नका. मी १७० वर मधल्या फळीवर १४ ते १६ मिनिटं भाजते. पंधरा मिनिटं आधी ओव्हन तापवते आणि वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवते. आमच्या घरी धोंडस, म्हणजे काकडीचा केक, करताना आजी झाकणावरही करवंट्यांचे निखारे ठेवायची, ते काय हौस म्हणून नव्हे. वरून आच नसेल तर रवा वरून पांढरा आणि ओलाच राहतो. सिलिकॉनचा साचा असेल तर तो स्टीलच्या ताटावर ठेवा आणि तीनेक मिनिटं जास्त द्या.

मार्गशीर्षाचे गुरुवार डिसेंबरात येतात, त्यामुळे बिनअंड्याची मागणी हमखास असते. होतात. तीन अंड्यांऐवजी १५० मिली ताजं दही आणि पाव चमचा खायचा सोडा. जरा ठिसूळ होतात, चव बरी. पण आंटीसमोर त्यांना बाथ म्हणू नका.

गरम डोनट डब्यात भरणं

ही चूक माझी स्वतःची, आणि तिने मला एक अख्खी ऑर्डर बुडवून शिकवलं. सावंतवाडीच्या एका कचेरीतून साठ डोनट हवे होते, दुपारी बाराला कार्यक्रम. मी पहाटे चारला उठले, सहाला शेवटचा घाणा काढला, आणि साडेसातची एसटी गाठायची म्हणून हातात घेतले तर चटका बसेल अशा डोनटवरच आयसिंगच्या रेघा ओढल्या. रेघा पसरल्या, पण म्हटलं चालेल, गाडी सुटली तर काय? प्लॅस्टिकच्या डब्यांत थर लावले, झाकणं दाबून बसवली.

तिथे पोचून झाकण उघडलं तर झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. वरची साखर विरघळून डोनटच्या बुडाशी गेलेली, खालचा थर त्यात भिजलेला, जायफळाच्या वासाचं पंचामृत. तिथल्या शिपायाने डब्यात डोकावून विचारलं, "मॅडम, हे चमच्याने खायचं?" पैसे मी घेतले नाहीत. परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि वळणागणिक आत काहीतरी डुचमळत होतं.

तेव्हापासून नियम. ओव्हनमधून काढल्यावर डोनट साच्यातच सात-आठ मिनिटं. लगेच काढला तर मोडतो, अर्धा तास ठेवला तर खालून घाम येऊन चिकटतो. मग जाळीवर निदान दीड तास. मी तळहाताची उलटी बाजू डोनटच्या तळाला लावते. जराही ऊब लागली तर आयसिंग नाही. घाई असेल तर पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये घालून थंड करू नका, बाहेर काढल्यावर किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्यांना परत घाम सुटतो.

आयसिंग शुगर कालवतानाही नारळाचं दूध चमच्या-चमच्याने. १०० ग्रॅम साखरेला मला साधारण एक मोठा चमचा आणि वर दोन-चार थेंब लागतात. चमच्यावरून पडलेली रेघ तीन-चार सेकंद उमटून राहिली पाहिजे. ती तशी राहिली तरच बाथवरच्या जाळीसारख्या तिरप्या चौकटी जमतात, नाहीतर नुसता पांढरा लेप. पोस्टाने किंवा एसटीने पाठवायचे असतील तर मी आयसिंग करतच नाही. जाळीसाठी आयसिंग शुगर वेगळ्या पुडीत देते आणि सांगते, रेघा घरी ओढा.

आणखी एक, हे किती दिवस टिकतात? ओला नारळ आहे, बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये चार. "आठवड्याचे आत्ताच करून ठेवते" म्हणणाऱ्या बाईला मी दर वर्षी नाही म्हणते आणि ती दर वर्षी करतेच.

उरलेले तिसऱ्या दिवशी कडक वाटले तर आडवे कापा, कापलेली बाजू तव्यावर चमचाभर तुपात मंद आचेवर तांबूस होऊ द्या. आमच्याकडे काहीजण मुद्दाम त्यासाठीच दोन बाजूला काढून ठेवतात.