डिजिटल माध्यमं आणि व्यवसायावर लिहिताय? परिचयातल्या या चुका टाळा

नाशिकमधल्या एका व्यापारविषयक मासिकाचे लेख मी ११ वर्षं तपासतोय. लेख दुरुस्त करायला त्रास होत नाही. त्रास होतो तो लेखाखालच्या चार ओळींच्या लेखक-परिचयाचा, कारण दर महिन्याला त्याच चुका पुन्हा येतात.

सर्वांत वाईट चूक म्हणजे सध्याची कमाई कुठून आहे हे न सांगणं. काही वर्षांपूर्वी द्राक्ष बागायतदारांच्या ॲप्सवर एक लेख आला. पाच ॲप्सची तुलना, भाषा स्वच्छ, मांडणी नेटकी. परिचयात ‘कृषी-तंत्रज्ञानाचे अभ्यासक’ एवढंच. मी तसाच छापला. अंक पिंपळगाव बसवंतला पोचला आणि दुसऱ्या दिवशी एका बागायतदाराचा फोन. “साहेब, तुमचे हे अभ्यासक छाटणीच्या वेळी आमच्या बांधावर आले होते. त्यांनी पहिला नंबर दिलाय ना, तेच ॲप विकत होते.” लेखकाला विचारलं तर म्हणतो, “पगार नाही हो, नुसतं कमिशन आहे.”

पुढच्या अंकात खुलासा दिला. त्या बागायतदाराने वर्गणी मात्र बंद केली, आणि त्याचं बरोबरच होतं. लेखात खोटं काही नव्हतं. पण बोलणारा विकणारा आहे हे कळलं की माणूस सावध होऊन ऐकतो. ते सावध होणं आम्ही त्याला नाकारलं होतं.

तेव्हापासून मी नुसत्या मेलवर आलेला परिचय घेत नाही, फोनच करतो. आज तुमचं बिल कोण भरतं? लेखात नाव आलेल्या कुणाकडून गेल्या दोन वर्षांत पैसे घेतलेत का? ‘हो’ म्हणाले तरी लेख छापतो, पण तो ‘हो’ परिचयाच्या पहिल्या वाक्यात जातो.

दुसरी चूक विशेषणांची. ‘डिजिटल तज्ज्ञ’, ‘ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट’, ‘विचारवंत’. नवी मुलं एआयकडून असा परिचय दोन मिनिटांत काढून पाठवतात, आणि दहा जणांचे परिचय अदलाबदल केले तरी कळत नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांचं बघा. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन. गोध्र्यात फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा व्यवसाय, आणि १९१३ साली चित्रपट. यात एकही विशेषण नाही, तरी हा माणूस कॅमेऱ्याबद्दल बोलला तर का ऐकावं ते समजतं. हाताने केलेलं काम लिहा: कुठे, काय, किती वर्षं.

बाकीच्या चुका थोडक्यात. सीएची नुसती इंटर परीक्षा पास झालेल्याने नावाआधी ‘सीए’ लावू नये; १९४९च्या कायद्याने ती उपाधी चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटच्या सदस्यांचीच आहे. शेअर्सचा सल्ला देणार असाल तर सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर सल्ला देऊ नका. गुगल ॲड्सचं प्रमाणपत्र वर्षभरच चालतं, तेव्हा तारीख घाला. सोडलेल्या नोकरीआधी ‘माजी’ लिहा. कॉलेजातले प्रोजेक्ट अनुभवाच्या वर्षांत धरू नका.

आणि छोटं काम लपवू नका, हे मी नवीन लेखकांना कळकळीने सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर लेख दिला. परिचयात ‘ई-कॉमर्स सल्लागार’. फोनवर बोलताना कळलं, वडिलांच्या सातपूरच्या वर्कशॉपचं जेमवरचं खातं ती चार वर्षं एकटी सांभाळतेय. टेंडर भरण्यापासून थकलेल्या पेमेंटच्या पाठपुराव्यापर्यंत. “हे काय लिहायचं सर, घरचंच काम आहे,” म्हणाली. मी तेवढंच ठेवलं, बाकी खोडलं. अंक निघाला त्या आठवड्यात अंबडचे दोन कारखानदार तिचा नंबर विचारत कार्यालयात आले.