सभेचं भाषण दुसऱ्यांदा ऐका

माझा मंडप-साउंडचा धंदा, अंबड-घनसावंगी भागात. निवडणुकीत सकाळी एका पक्षाची सभा, संध्याकाळी दुसऱ्याची. माईक तोच, मिक्सरवर मीच.

भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करा आन् घरी एकटं बसून दुसऱ्यांदा ऐका. मंडपात अंगावर काटा येतो, त्यातला निम्मा गर्दीमुळं असतो. "पाणी पाहिजे का नको?" "पाहिजे!" "मग बटण कोणतं दाबायचं?" पहिल्या सवालाला नाही कोण म्हणल? एकदा होकार निघाला की दुसराही त्याच दमात निघतो. पण पाण्यावरून बटणावर गडी आला कसा? तिथं वहीत फुली मारा. पुस्तकात याला हेत्वाभास म्हणतात, मी 'उडी' लिहितो.

मग आकडे. जायकवाडी धरणात एकूण साधारण 102 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं 26 मृतसाठा, म्हणजे तळात राहणारं पाणी, वापरायचं 76, आन् पेपरात येणारी टक्केवारी या 76 वरची. म्हणून एकजण "102 टीएमसीचं धरण उशाला" म्हणून टाळी घेतो. दुसरा उन्हाळ्यात "धरण शून्यावर!" म्हणून ओरडतो, तेव्हाही तळात 26 टीएमसीपर्यंत पाणी असू शकतं. खोटं कोणीच बोललं नाही. आकडा आला की विचारायचं: कशातला? सोयाबीनचंही तेच. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, स्टेजवरून सांगायला झकास. मोंढ्यात त्या हंगामात बराच खाली विकला माल.

क्रियापदांकडं कान ठेवा. झालेलं काम "मी आणलं", राहिलेलं "राहून गेलं". "मंजुरी मिळाली", "पाठपुरावा सुरू आहे" यात तारीख शोधून दाखवा. "शेतकऱ्याचा पोरगा आहे" म्हणतो. असंल, पण त्यानं कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटत नाही. आन् "तुम्ही इतके दिवस काय केलं?" हे उत्तर नव्हे, सवालावर सवाल आहे.

खरी पंचाईत आपल्या माणसाच्या भाषणात. माझ्या वहीत आमच्यावाल्याला 3 फुल्या, समोरच्याला 19. मग नावं, पक्ष, चिन्ह काढून दोन्ही भाषणं बायकोला वाचून दाखवली. तिनं भाकरी थापता थापता मोजल्या: 14 आन् 16. वर विचारलं, "यातला आपला कोणता?"