छावणीत मुलांचे दात तपासायला जाताय?

मी दंतवैद्य आहे, निर्वासितांच्या छावण्यांत मुलांचे दात बघते. नवे स्वयंसेवक आले की ब्रशची खोकी उघडतात आणि पोरांची रांग लावतात. ब्रश नंतर वाटा, आधी आईशी बोला. दुभाषी मोठा माणूस हवा. थोरल्या भावंडाला मध्ये घालू नका, त्याच्यासमोर आई सगळं सांगत नाही. विचारायचं एवढंच: रात्री दुखून उठतो का? कुठल्या बाजूने चावतो? झोपताना बाटलीत काय देता?

तीन वर्षांखालचं मूल खुर्चीत बसवू नका. तुम्ही आणि आई गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. मूल आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून. मग त्याला हळूच मागे, तुमच्या मांडीवर डोकं येईल असं झोपवा. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो. मोठं मूल आडवं पडायला तयार नसेल तर बसल्या बसल्या बघा, कारण विचारत बसू नका. मास्क लावण्याआधी स्वतःचा चेहरा दाखवा.

आता वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर अजून वेळ आहे, फ्लोराइडने ती थांबते. तपकिरी खड्डा म्हणजे कीड. हिरडीवर पुळी म्हणजे मुळाशी पू. सहाच्या आसपासच्या मुलाच्या दुधाच्या दाढांमागे हमखास बघा. तिथे कायमची दाढ येते, पण त्यासाठी कुठलाच दात पडत नसल्याने आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि ती किडून जाते.

पेस्ट 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइडची. तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. पाण्याची टंचाई असली की हे सगळ्यांना लगेच पटतं, आणि दातांवर फ्लोराइडही टिकतं! एका घरात एकच ब्रश फिरतो, म्हणून प्रत्येकाच्या ब्रशला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून द्या.

‘गोड बंद करा’ म्हणू नका. जे मिळतं तेच मूल खातं. गोड जेवणाबरोबर द्या, रात्रीच्या बाटलीत नुसतं पाणी, एवढं सांगितलं तरी पुरे.

वीज नसेल तरी काम अडत नाही. हातातल्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर, म्हणजे दाताला चिकटणारं सिमेंट, भरता येतं. 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे चांदी असलेलं पातळ औषध लावलं की बहुतेकदा कीड थांबते, पण डाग कायमचा काळा पडतो. चांदीची ॲलर्जी आहे का विचारा, काळ्या दाताचा फोटो दाखवा, मगच होकार घ्या. समोरच्या दातांना काही आया नाही म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही: त्याच दिवशी रुग्णालय. कुपोषित किंवा नुकतंच गोवरातून उठलेलं मूल, हिरडी काळवंडलेली आणि घाण वास, हे नोमा, म्हणजे तोंडाचं मांस झपाट्याने सडवणारा आजार, असू शकतं. सुरुवातीलाच प्रतिजैविकं मिळाली तर थांबतं, उशीर झाला तर गाल झडतो, जीवही जातो.

कुटुंब पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. कुठल्या दाताला काय केलं ते तारखेसह कागदावर लिहा आणि त्याचा फोटो आईच्या किंवा वडिलांच्या फोनमध्ये काढून द्या.